खडकातील उजेड : कोंडिविटे, जोगेश्वरी आणि भूमिगत स्थानके

मुंबईच्या उपनगरांत जोगेश्वरी हे पश्चिम रेल्वेचे स्थानक आहे. ज्या लेण्यातील देवीवरून हे नाव पडले, ते लेणे स्थानकाच्या पूर्वेस दाट वस्तीत, जमिनीच्या पातळीखाली आहे. तेथून दोन-अडीच किलोमीटर आग्नेयेस कोंडिविट्याची टेकडी लागते. तिच्या कडांत कोरलेली बौद्ध लेणी लोकांत महाकाली लेणी म्हणून ओळखली जातात. याच टेकडीच्या परिसरात मुंबई मेट्रोच्या मार्ग ३ वरील सीप्झ हे भूमिगत स्थानक आहे. पाऊण दिवसात पायी पाहून होतील अशी ही तीन स्थळे. एक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, दुसरे जवळजवळ दीड हजार वर्षांपूर्वीचे, तिसरे आपल्या डोळ्यांदेखत झालेले. तिन्ही ठिकाणी माणसाने खडक पोखरून आत जागा केली आणि तिन्ही ठिकाणी त्याला एकच प्रश्न पडला : आत उजेड कोठून आणायचा?

प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाचा इतिहास आम्ही पाहणार आहोत. लेण्यांवरील आपल्याकडील लेखन बहुधा शिलालेख, मूर्ती आणि कालनिर्णय यांभोवती फिरते. ते आवश्यकच आहे. परंतु लेणे ही माणसांनी राहण्याची, बसण्याची, ऐकण्याची वास्तू होती. ज्या वास्तूत दिवसाही दिसत नाही, तेथे संघ राहू शकत नाही आणि उपासक थांबू शकत नाहीत. म्हणून उजेडाची योजना हा लेणीस्थापत्याचा गाभा होय, असे आमचे मत आहे.

दारापासून गवाक्षापर्यंत

या विचाराची पहिली पायरी महाराष्ट्राबाहेर, गयेजवळच्या बराबर टेकड्यांत दिसते. सम्राट अशोकाने आपल्या राज्याभिषेकानंतर १२ व्या वर्षी तेथील गुंफा आजीवकांना दान दिल्याचे लेख आहेत. कठीण ग्रॅनाइटमध्ये कोरलेल्या या गुंफांच्या भिंती आरशासारख्या घासलेल्या आहेत. मात्र उजेडाला दाराखेरीज वाट नाही. दारातून आलेला प्रकाश चकचकीत भिंतीवर थोडा खेळतो आणि आतल्या गोल दालनाशी पोहोचेपर्यंत संपतो.

कोंडिविट्याचे ९ क्रमांकाचे लेणे पाहताना या बराबरच्या रचनेची आठवण होते. पुढे आयताकृती सभागृह, मागे गोल दालन आणि त्या दालनात स्तूप. परंतु येथे एक महत्त्वाची भर पडली आहे. स्तूपाच्या दालनास दार आहेच, शिवाय दाराच्या दोन्ही बाजूंस दगडी जाळीच्या खिडक्या कोरल्या आहेत. लाकडी कुटीची जाळी जशीच्या तशी दगडात उतरविली आहे. सभागृहात आलेला उजेड या जाळ्यांतून गाळून आत जातो. ज्या कोणा कारागिराने ही जाळी कोरली, त्याच्या मनात स्तूपाला प्रदक्षिणा घालणारा माणूस होता, हे उघड आहे. त्याला वाट दिसली पाहिजे, एवढी काळजी येथे घेतलेली आहे.

याच विचाराचे मोठे रूप मावळात पाहावयास मिळते. भाजे येथील चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील मानले जाते; त्यानंतरचे कार्ल्याचे. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि ४६ फूट उंच आहे. आत ३७ स्तंभ आहेत आणि छताला लावलेल्या सागवानी कमानी आजही जागेवर आहेत. एवढ्या खोल दालनाच्या अगदी टोकाशी स्तूप आहे. केवळ दारावर भिस्त ठेवली असती, तर तो काळोखातच राहिला असता. म्हणून दारांच्या वर पिंपळपानाच्या आकाराचे भव्य गवाक्ष उघडे ठेवले. खाली माणसांची कितीही गर्दी झाली तरी उजेड अडत नाही, कारण तो त्यांच्या डोक्यावरून जातो. तो अर्धगोल छतावर पसरतो आणि शेवटी स्तूपाच्या अंडावर येऊन स्थिरावतो. बाजूचे मार्ग मंद राहतात, मधला मार्ग उजळतो. लेणे पश्चिमाभिमुख असल्यामुळे दुपार कलल्यावर हा परिणाम विशेष जाणवतो. एकोणिसाव्या शतकात भारतीय वास्तुकलेचा इतिहास लिहिणाऱ्या फर्ग्युसनने या प्रकाशयोजनेची मनापासून प्रशंसा केली आहे.

या गवाक्षाचे एक व्यावहारिक कारणही वाचकांनी ध्यानी घ्यावे. लेणे घराप्रमाणे खालून वर बांधले जात नाही, ते वरून खाली कोरले जाते. अर्धवट राहिलेल्या लेण्यांवरून ही पद्धत स्पष्ट कळते. पाथरवट प्रथम गवाक्षाच्या उंचीवर आत शिरत, छत पूर्ण करीत आणि मग पायाखालचा खडक फोडीत खाली येत. त्यामुळे पराती उभाराव्या लागत नसत. फोडलेला दगड बाहेर टाकण्याची वाट तीच आणि छिन्नीला उजेड देणारी वाटही तीच. म्हणजे ज्या प्रकाशात पाथरवटाने काम केले, तोच प्रकाश पुढे उपासकाच्या वाट्याला आला. उजेडाचा निर्णय पहिल्या घावाच्या आधी झालेला होता. लेणे पूर्ण झाल्यावर कोणाला सुचले म्हणून असे गवाक्ष पाडता येत नाही.

कार्ल्याच्या दर्शनी भागावरील लेखही या संदर्भात वाचण्यासारखे आहेत. धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, द्वार दान केले. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, द्वार घडविले. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्ण केल्याचे अभिमानाने नोंदविले आहे. स्तंभांवर यवन दात्यांचीही नावे आहेत. राजाच्या बरोबरीने व्यापारी, सुतार आणि परदेशी माणसे आपापला वाटा देतात आणि सर्वांना दिसेल अशी एक सार्वजनिक वास्तू उभी राहते. आत येणाऱ्या सर्वांसाठी उजेड खुला ठेवण्याची ही दृष्टी दात्यांच्या या यादीतही आहे.

जोगेश्वरीचा चौक

कार्ले, भाजे, कोंडिविटे या सर्वांना एक सोय होती : समोर उभा कडा. कड्यात आडवे शिरायचे असल्यामुळे दर्शनी भाग मोकळा राहतो आणि तेथून उजेड घेता येतो. जोगेश्वरीच्या पाथरवटांना ही सोय नव्हती. येथे उंच कडा नाही, जमिनीलगतचा बुटका खडकाळ उंचवटा आहे. त्यात मोठे दालन करायचे तर खाली उतरण्यावाचून गत्यंतर नव्हते. आजही लेण्यात जाताना पायऱ्या उतरून जावे लागते. आणि खाली उतरल्यावर समोरून उजेड मिळत नाही. तो वरूनच आणावा लागतो.

त्यांनी काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. पूर्वेच्या पायऱ्या उतरल्यावर शिल्पांनी युक्त अशी ओसरी लागते. तिच्यापुढे लगेच महामंडप येत नाही. मध्ये खडक वरपासून खालपर्यंत काढून टाकलेला, आकाशाला उघडा असा चौक येतो. मग स्तंभांचा प्रशस्त मंडप आणि त्याच्या मध्यभागी गर्भगृह. मंडपाच्या दक्षिणेस स्तंभांची लांब ओसरी असून तिच्या बाहेरही खडक मोकळा केला आहे. अशा रीतीने सुमारे अडीचशे फूट पसरलेल्या या भूमिगत वास्तूला उघड्या जागांतून प्रकाश मिळतो. मंडपाचा आतला भाग मंद आहे, पण तो आंधळा नाही. घारापुरीच्या मोठ्या लेण्यातही पूर्वेस आणि पश्चिमेस असेच उघडे चौक आहेत. वॉल्टर स्पिंक यांनी जोगेश्वरी हे घारापुरीच्याही आधीचे, इसवी सन ५२० ते ५५० च्या सुमाराचे मानले. अजिंठ्याचे काम थांबल्यानंतर तेथील कारागीर कोकणाकडे वळले असावेत, असे त्यांचे अनुमान आहे. ते अनुमान मान्य केल्यास अजिंठ्याच्या बौद्ध लेण्यांत तयार झालेला हात जोगेश्वरीच्या खडकावरही चालला असे म्हणावे लागेल.

येथे एका नाजूक मुद्द्याचा उल्लेख टाळता येणार नाही. जोगेश्वरीचे लेणे मूळचे बौद्ध होते असे आपल्यापैकी काही जण श्रद्धेने सांगतात. आम्ही तसे म्हणू शकत नाही. तेथील लकुलीशाचे शिल्प आणि मंडपाच्या मध्यभागी योजलेले गर्भगृह ही पाशुपत शैव परंपरेची साक्ष देतात. बाबासाहेबांनी आपल्याला प्रमाण तपासून बोलण्याची शिकवण दिली. कोंडिविटे, कान्हेरी, कार्ले, भाजे, जुन्नर, नाशिक, अजिंठा अशी विशाल संपत्ती असणाऱ्या समाजाला दुसऱ्याचे लेणे आपले म्हणण्याचे कारण नाही. मात्र लेणे कोरण्याचे आणि त्यात उजेड आणण्याचे शास्त्र या देशात प्रामुख्याने बौद्ध लेण्यांच्या कामावर वाढले आणि तेथून ते इतर परंपरांना मिळाले, हे निःशंकपणे सांगता येते. तेवढा वारसा पुरेसा आहे.

जोगेश्वरीचा चौक मराठी माणसाला अपरिचित वाटू नये. जुन्या वाड्याचा चौक याच कामासाठी असे. चारही बाजूंनी खोल्या आणि मध्ये आभाळ. कोकणातील कौलारू घरात चुलीच्या वर एखादे काचेचे कौल बसवीत. त्यातून उजेडाचा चौकोन दिवसभर सारवलेल्या जमिनीवर सरकत असे. आज जोगेश्वरीच्या डोंगराळ वस्त्यांत, जेथे घराला घर भिडल्यामुळे खिडकीला जागा नाही, तेथे पत्र्यांच्या मध्ये एक पारदर्शक पत्रा टाकतात. वाडा, कौलारू घर आणि झोपडी यांची ऐपत वेगळी, पण युक्ती एकच : बाजूने उजेड मिळत नसेल तर तो वरून घ्यावा.

भुयारी रेल्वेचा काळ

हीच युक्ती भुयारी रेल्वेच्या आरंभी युरोपात दिसते. जगातील पहिली भुयारी प्रवासी रेल्वे लंडनमध्ये १८६३ साली सुरू झाली. तिच्या बेकर स्ट्रीट स्थानकाच्या फलाटांवर दोन्ही बाजूंच्या भिंतींत तिरकस झरोके होते. वरच्या रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेतून उजेड घेऊन ते तो फलाटावर सोडीत. झरोक्यांना पांढऱ्या फरशा लावल्या होत्या, म्हणजे प्रकाश वाया जाऊ नये. पुढे विजेचे दिवे आले आणि स्थानके अधिक खोल गेली. उजेड हा मग तारेतून येणारा पदार्थ झाला. दिवसाची आठवण भूमिगत स्थानकांतून बरीच वर्षे पुसली गेली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ती परत आली. लंडनच्या कॅनरी वॉर्फ स्थानकात १९९९ साली नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने प्रवेशद्वारांवर काचेची मोठी छत्रे बसविली. त्यांतून दिवसाचा उजेड खोल सभागृहात उतरतो आणि बाहेर जाण्याची दिशा प्रवाशाला पाटी न वाचता कळते. २००२ साली सुरू झालेल्या कोपनहेगनच्या मेट्रोत खोल स्थानकांच्या वर, रस्त्याच्या पातळीवर काचेचे मनोरे ठेवले आहेत. त्यांतून आलेला प्रकाश परावर्तित होत फलाटापर्यंत पोहोचतो. इटलीतील नेपल्स शहरात २०१२ साली उघडलेल्या तोलेदो स्थानकात ऑस्कर तुस्केत्स या वास्तुविशारदाने उजेडाची विहीरच खाली उतरविली आहे.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण पुण्यात आहे. पुणे मेट्रोचे सिव्हिल कोर्ट येथील भूमिगत स्थानक १ ऑगस्ट २०२३ रोजी प्रवाशांसाठी सुरू झाले. त्याची खोली ३३.१ मीटर आहे, म्हणजे सुमारे १०८ फूट, आणि ते देशातील सर्वांत खोल मेट्रो स्थानकांपैकी एक आहे. स्थानकाचे छत असे रचले आहे की सूर्यप्रकाश थेट फलाटापर्यंत यावा. कार्ल्याच्या चैत्यगृहाची उंची ४६ फूट. त्याच्या दुपटीहून अधिक खोलीवर येथे ऊन उतरविण्याचा प्रयत्न झाला. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवलीस उतरल्यास त्याच दिवशी कार्ले आणि भाजे पाहता येतात. आमच्या अभ्यासकांनी ही दोन्ही स्थळे एकामागोमाग एक पाहावीत, अशी आमची सूचना आहे.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचे स्थानक बांधले जात आहे. ५०८ किलोमीटरच्या या मार्गावरील हे एकमेव भूमिगत स्थानक असून त्याचे खोदकाम सुमारे ३२ मीटर खोल आहे. नैसर्गिक उजेडासाठी त्यात स्वतंत्र आकाशगवाक्षाची तरतूद केली आहे. मुंबई मेट्रोचा मार्ग ३ ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाला. ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावर २७ स्थानके आहेत आणि त्यांपैकी २६ भूमिगत आहेत. एवढ्या मोठ्या संख्येने मुंबईकर रोज जमिनीखाली उतरण्याची ही पहिलीच वेळ होय.

उजेडाबरोबर येणारे पाणी

वरून उजेड आणणे सोपे आहे, असा समज आम्ही करून देऊ इच्छीत नाही. आकाशाला उघडी असलेली प्रत्येक जागा पावसालाही उघडी असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे मुंबई विसरलेली नाही. २६ मे २०२५ रोजी मार्ग ३ वरील आचार्य अत्रे चौक स्थानकात बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गातून पाणी शिरले आणि तेथपर्यंतची सेवा थांबवावी लागली. शिवाय मुंबईत स्थानकाच्या डोक्यावर रस्ता असतो, इमारती असतात. आग लागल्यास धूर कोणीकडे न्यायचा याचाही हिशेब करावा लागतो. काच स्वच्छ राखावी लागते, अन्यथा दोन पावसाळ्यांत ती मातकट होते.

परंतु पाण्याचा हा प्रश्नही जुनाच आहे. कान्हेरीच्या डोंगरावर भिक्खूंनी पावसाचे पाणी पन्हळींतून वळवून लेण्यालेण्यांजवळच्या टाक्यांत साठविले. जे पाणी आत शिरून उपद्रव देणार होते तेच उन्हाळ्यात पिण्यास मिळाले. याउलट जोगेश्वरीच्या लेण्याकडे पाहावे. माथ्यावर आणि सभोवती वस्ती वाढली. छतातून पाणी पाझरते, शिल्पे झिजली आहेत आणि पावसाळ्यात चौकात पाणी साचते. यात वस्तीतल्या माणसांना दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. ज्यांना शहराने राहण्यास जागा दिली नाही, ते मिळेल त्या खडकावर राहिले. दोष असेल तर तो पाण्याच्या निचऱ्याचा आणि घरांचा विचार वेळीच न करणाऱ्या नियोजनाचा. उघडा चौक ठेवणाऱ्याने त्या चौकातील पाण्याची वाटही आखली पाहिजे आणि पुढच्या पिढ्यांनी ती मोकळी ठेवली पाहिजे.

उजेड कोणासाठी?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. विजेचे दिवे असताना दिवसाच्या उजेडाचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. फलाटावर पाच मिनिटे थांबणाऱ्या प्रवाशाला कदाचित फरक पडणार नाही. परंतु स्थानकात केवळ प्रवासी नसतात. झाडू मारणारी बाई, तिकीट खिडकीवरचा कर्मचारी, सुरक्षारक्षक, विजेची आणि पंख्यांची यंत्रे सांभाळणारा कामगार ही माणसे आठ-आठ तास खाली असतात. शरीराला दिवस-रात्र ओळखण्यासाठी उजेड लागतो. शरीरातील या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सकाळी काळोखात घर सोडून दिवसभर भुयारात राहणाऱ्या आणि संध्याकाळी खिडकी नसलेल्या खोलीत परतणाऱ्या माणसाच्या आयुष्यातून सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. त्या माणसांत आपली माणसे किती आहेत, हे आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही.

म्हणून लेण्यांच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष आजच्या कामालाही लागू आहे. बहुतेक स्थानके वरून मोठा खड्डा खोदून बांधतात. त्या खड्ड्यात कामगार महिनोन्महिने भर उन्हात राबतात. नंतर त्यावर छत पडते आणि ऊन कायमचे बाहेर राहते. कार्ल्याच्या पाथरवटाचा उजेड उपासकाला मिळाला. या कामगाराचा उजेड मात्र तो जे बांधतो त्यात राहू नये, हे आम्हांस खटकते. छताचा नकाशा काढतानाच त्यात एक गवाक्ष ठेवणे हा खर्चाइतकाच दृष्टीचा प्रश्न आहे. एकदा छत पडले की उशीर झालेला असतो.

मुंबईत यापुढेही भुयारे खोदली जातील. त्या प्रत्येक वेळी नागरिकांनी, विशेषतः आपल्या संस्थांनी, किती किलोमीटर आणि किती कोटी एवढेच विचारून थांबू नये. सफाई करणाऱ्या बाईला तिच्या कामाच्या जागेवरून दिवस दिसेल काय, हेही विचारावे. मेट्रोच्या मार्ग ६ च्या आखणीत महाकाली लेणी या नावाचे उन्नत स्थानक आहे. तेथे उतरणाऱ्या उपासकांनी आपल्या मुलांना कोंडिविट्याच्या ९ क्रमांकाच्या लेण्यात अवश्य न्यावे. गोल दालनात उभे करून त्यांना ती दगडी जाळी दाखवावी आणि डोळे काळोखाला सरावेपर्यंत थांबावे. दोन हजार वर्षांपूर्वी हातात छिन्नी धरलेल्या एका माणसाला, आत येणाऱ्या अनोळखी माणसाला वाट दिसावी असे वाटले होते. हे त्या जाळीतून येणाऱ्या उजेडात मुलांना आपोआप कळेल.